आजोबांच्या गेममधला दिवा

सोमवार, ४ तारीख

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी फोनवर बोलायला लागले की आजोबांचे कान आमच्या खोलीत येतात, आणि ही गोष्ट त्यांच्यापासूनच लपवायची आहे.

शाळेत घरातली एखादी जुनी वस्तू सुधारून दाखवायची आहे. मी तुझा लहानपणचा हातात धरायचा गेम घेतलाय, वरून ठोकळे पडतात आणि रचावे लागतात तो. तू सासरी गेल्यापासून तो आजोबांच्या ताब्यात आहे. पण हल्ली ते खेळत नाहीत, कंटाळा आला म्हणतात. आई म्हणते, वयाप्रमाणे आवडी बदलतात. मला नाही पटत. परवा ते गेम खिडकीशी नेऊन तिरका करकरून बघत होते, आणि मी दिसताच त्यांनी तो उशीखाली सारला. त्यांना पडदा दिसत नाही गं. त्या पडद्याला स्वतःचा उजेडच नाही. आणि डोळे तपासायचं नाव काढलं की ते घर डोक्यावर घेतात.

म्हणून पडद्यामागे दिवा बसवायचाय. मी आजवर फक्त टॉर्चचे सेल बदललेत. तू दुरुस्तीच्या दुकानात रोज मोबाइल उघडतेस, तर कसं करू ते सांग. गेम बिघडला तर आजोबांना तोंड कसं दाखवू?

लोभ आहेच, तो या उद्योगानंतरही टिकावा.
तुझी,
खुडबुडी

शुक्रवार, ८ तारीख

चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी काउंटरवर एकटीच हसत सुटले, समोरचं गिऱ्हाईक बावरलं. सोबत डबी पाठवते आहे. तिच्यात दिव्याची पातळ पट्टी, पडद्याचा उजेड गाळणारी नवी पारदर्शक फिल्म आणि त्या स्क्रूंना बसेल असा स्क्रूड्रायव्हर आहे. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन भिडू नकोस, आपल्या घराण्याला ती खोड आहे. तुझ्या बाबांनी असंच एक घड्याळ दुरुस्त केलं होतं, त्याच्या काट्यांनी मग आम्ही कपाटाची कुलपं उघडायचो.

काचेच्या मागचा चंदेरी पापुद्रा अगदी सावकाश सोल. घाई केलीस तर काच गेली म्हणून समज. मग मागे पट्टी, मध्ये फिल्म, आणि पट्टीच्या दोन तारा सेलच्या खाचेतल्या दोन पत्र्यांना सोल्डर कर. आधी एखाद्या मोडक्या रेडिओवर हात बसव, बाबांना शेजारी बसव आणि खिडकी उघडी ठेव.

आजोबा पूर्वी मला फोनवर पेपरातल्या गमती वाचून दाखवायचे. ते बंद झालं तेव्हा वाटलं, लेक कामात असते म्हणून असेल. तुझं पत्र वाचून जीव चरकला. नीट कर बाळा.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

गुरुवार, २१ तारीख

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बट्ट्याबोळ झाला. दिवा लागला, गेम चालू झाला, बाबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग बघतो तर सगळं उलटं. पांढरा पडदा काळा आणि काळे ठोकळे पांढरे. फिल्म आडवी लागली की असं होतं हे मला आत्ता कळलं. आडवी कापली तर मोठा तुकडा उरत होता, म्हणून मी आडवी कापली. काटकसर अंगाशी आली. आता ती चिकटली आहे, आणि ओढली तर काच जाईल अशी भीती वाटते.

उद्या प्रदर्शन आहे. भरीत भर म्हणजे आई आजोबांनाही घेऊन येणार आहे. खूप रडले. हे पत्र तुला मिळेल तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी तुलाच सांगावंसं वाटलं.

माया पातळ करू नकोस.
तुझी,
खुडबुडी

रविवार, २४ तारीख

चि. बाळीस,
अ. उ. आ.

तुम्हा आत्या-भाचीचं कारस्थान मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. डबीवर तुझं अक्षर होतं. एवढं मोठं अक्षर अजून दिसतं मला.

शाळेत पोरगी चेहरा पाडून उभी होती आणि येईल त्याला आपली चूक आपणच सांगत होती. बाईंनी मान ठेवायचा म्हणून गेम माझ्या हातात दिला. काळ्या पडद्यावर पांढरे ठोकळे, आणि मला एकूण एक दिसत होता. पांढऱ्या पडद्यावर माझ्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं येतं गं. मी उभ्याउभ्याच खेळत राहिलो, शेवटी बाईंना तो परत मागावा लागला. बक्षीस दुसऱ्याला गेलं. आता ही उरलेल्या तुकड्याने फिल्म सरळ लावते म्हणून मागे लागली आहे. मी नको म्हणतो ते तिची समजूत काढायला, असं तिला वाटतं. तसं नाही हे तू लिही, तुझं ती ऐकेल.

धुक्याचं मी कोणाला बोललो नाही, भीती वाटत होती. आता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे. पेपराच्या मागे काही दिवा बसवता येत नाही.

आणखी एक सांगतो. आम्ही आळीपाळीने खेळायचो, तेव्हा ही माझ्याशी मुद्दाम हरायची. ठोकळे दिसत नसले तरी ते मला कळत होतं, आणि म्हणूनच मी खेळ सोडला होता. काल मी तिला खरोखर हरवलं. ती इतकी चिडली की रात्री जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. फार फार बरं वाटलं.

सर्वांना आशीर्वाद. येत जा.
तुझे,
बाबा