ह्यांच्या खुर्चीचं चित्र

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (गुडघ्याने परवानगी दिली तेवढाच वाकून). तुमची कंबर आता कशी आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं असेल तर चढू नका. गच्चीचं तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. मी बरी आहे. घर मोठं वाटतं, पण ते आता रोजचंच झालं आहे.

ह्यांची वेताची खुर्ची तुम्हाला भावाची आठवण म्हणून हवी आहे आणि महिनाअखेरीला जावई टेम्पो घेऊन येणार आहेत, हे तुमच्या पत्रातून कळलं. मागणी रास्त आहे. माझा नवरा होण्याच्या कितीतरी आधीपासून तो तुमचा भाऊ होता. पण खुर्ची गेली की खिडकीपाशी काय उरणार, या विचाराने मला घास गिळवेना. शेवटी ठरवलं, खुर्ची द्यायची, पण आधी तिचं चित्र काढून ठेवायचं. (फोटो का नाही, म्हणाल. काढला. त्यात खुर्ची कमी आणि माझं बोट जास्त आलं.)

समोरची वस्तू बघून चित्र काढायला शिकवणारं पुस्तक वाचनालयातून आणलं. हिला पुस्तकात बघितल्याशिवाय काही सुरूच करता येत नाही, असं तुम्ही आत्ता म्हणाला असाल. खरंच आहे. पुस्तकाचं म्हणणं असं की, ठाऊक आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा. सोपं वाटलं. पहिलं चित्र शेजारणीला दाखवलं, तर ती म्हणते, "अगंबाई, शेळी छान जमलीय की! खाली बसायच्या बेतात आहे ना?"

मग मापाचा धडा आला. हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा वरखाली सरकवत खुर्चीची पाठ पायाच्या किती पट आहे ते बघायचं. रोज सकाळी माझा हा उद्योग सुरू झाला. आता खुर्चीमागे खिडकी, खिडकीमागे रस्ता आणि रस्त्यापलीकडे घड्याळजींचं दुकान, हे मला का ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असलेलं सगळं मी पुस्तकाच्या हुकमावरून डोक्यातून काढून टाकलं होतं. एके दिवशी नजर जरा वर गेली, तर समोर घड्याळजी. एका डोळ्याला भिंग, दुसरा गच्च मिटलेला, तोंड माझ्याकडे. इकडे माझा एक डोळा मिटलेला आणि अंगठा त्यांच्या दिशेने वरखाली चाललेला. त्यांनी घाईने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी दुकानाला अर्धा पडदा लागला.

वन्सं, मी पेन्सिल बाजूला ठेवली. विधवा बाई सकाळी सकाळी समोरच्या विधुराला डोळा मारते, हे तुमच्या कानावर कुठल्या वाटेने आणि किती तिखटमीठ लावून येईल, याचाच विचार दिवसभर. त्यात संध्याकाळी घड्याळजी स्वतःच दारात. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात लहानसं पाकीट. मी त्यांना आत या म्हटलं नाही. नकार कसा द्यायचा त्याची वाक्यं मनात जुळवत उंबऱ्यावरच उभी राहिले.

"रागावू नका, बाई," ते म्हणाले, "पण बरेच दिवस बघतोय. तुमचा उजवा डोळा मिटतो, अंगठाही हलतो आपोआप. माझ्या मेहुण्याचं असंच सुरू झालं होतं. वेळीच दाखवून घ्या."

पाकिटात डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता होता. "आणि पडदा?" मी विचारलं. "ऊन येतं हो दुकानात," ते म्हणाले.

केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! (खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. इतकी काही मी म्हातारी दिसत नाही.) त्या रात्री पोटभर जेवले आणि सकाळी निर्धास्तपणे डोळा मिटून चित्र पुरं केलं. काढताना दिसलं, खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा कितीतरी जास्त झिजला आहे. इतकी वर्षं मीच ती पुसते, पण कधी लक्षात आलं नव्हतं. हे डावीकडे रेलून बसायचे, म्हणजे स्वयंपाकघराकडे. चहा कुठवर आला ते बघत असणार, दुसरं काय. पण चित्रातला तो हात मी पुसून पुन्हा काढला, दिसला तसा, झिजलेला.

पत्र फार लांबलं. कमरेला शेक देत जा. जावयांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. जावयांना टेम्पो आणू नका म्हणावं. खुर्ची मी देत नाही, चित्र देते. एवढंच लिहायला बसले होते, पण धीर यायला इतकी पानं लागली. चित्रात पाय तीनच दिसतील. चौथा मी बसते तिथून दिसत नाही. पण तो आहे.

आणखी एक. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा, पण कंबर बरी झाली की याच. आणि आल्यावर त्या खुर्चीत आधी तुम्ही बसा. मला अजून बसवत नाही.