डाग फिल्मचाच आहे

१० फेब्रुवारी १९८३
लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले. आमच्या दवाखान्याला नवीन एक्स-रे मशीन मिळणार होतं, अजून पत्ता नाही. दुष्काळामुळे फिल्म धुवायला पाणीही पुरत नाही, सगळ्या फिल्म पिवळट निघतात. हरकत नाही. फिल्म सुधारत नसेल तर बघणं सुधारायचं! बघायची पेटी मी स्वतः बनवणार.

१७ फेब्रुवारी
पत्र्याचा डबा, आत ट्यूबलाइट, वर दुधी काच. फिल्मच्या कडेनं काळा कागद, म्हणजे फालतू उजेड डोळ्यांवर येत नाही. झकास. लातूरचे साहेब बघतील तर प्रमोशनच.

२१ फेब्रुवारी
फिल्म धुवायचं पाणी सरजाबाई आणतात, लांबच्या विहिरीवरून, डोक्यावर. महिनाभर खोकतात म्हणून त्यांची छातीची फिल्म काढली. उजवीकडे वर पांढुरका डाग. धुणं कमी पडलं, दुसरं काय! काही हाय का साहेब, विचारत होत्या. म्हटलं, काही न्हाई, डाग फिल्मचा आहे. डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. असली फिल्म दाखवून इज्जत का घालवा? चांगली काढून मगच दाखवीन.

८ मार्च
दुसरी फिल्म. डाग त्याच जागी. फिल्म धुताना अडकवायचा हँगर खराब असणार.

२ एप्रिल
नवी ट्यूब लावली, भिंग आणलं. डाग आता फारच स्पष्ट दिसतो. पेटीत काहीतरी दोष राहिलाय.
बाई वाळल्यात. उन्हाळ्यात सगळेच वाळतात. मीसुद्धा.

२८ एप्रिल, गुरुवार
सरजाबाईंना विहिरीवर खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी फिल्म मागितल्या. पेटीवर लावल्या. पेटी उत्तम झालीय म्हणाले. मग विचारलं, ह्या फेब्रुवारीपासून कुठं होत्या? मी पाण्याचं सांगू लागलो. ते मधेच उठले आणि बाईंना लातूरला न्यायला जीप शोधायला गेले.

१९ मे
लातूर, क्षयाचा वॉर्ड. दोन्ही फुप्फुसं गेलीत, फार उशिरा आणलं, सिस्टर म्हणाल्या.
चूक माझी, हे सांगायलाच गेलो होतो. एसटीत वाक्य पाठ केलं होतं. पण बाईच आधी बोलल्या. सगळे म्हणायले लई मोठी बिमारी हाय, तुमी एकलेच न्हाई म्हणलात साहेब, तेवढ्या धीरावर एवढे दिवस काढले. मग लेकीला म्हणाल्या, साहेबांच्या पाया पड.
ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.