मोडीतलं कार्ड

गिरगाव, २ जून १९५६

ती. अप्पांस, धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

विलायतेहून आलेल्या डॉक्टरांनी कालिंदीला तपासलं. याला ऑटिझम म्हणतात म्हणे. सहा वर्षांची झाली तरी हाकेला ओ देत नाही, पण रस्त्यावरची घोषणा एकदा ऐकून अख्खी म्हणते, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, आईची माया कमी पडली की असं होतं. अप्पा, मला रडूसुद्धा आलं नाही, इतका संताप झाला.

शाळा अकरा तारखेला उघडते. हे म्हणतात, नाव घालू, पण आजाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. डॉक्टर म्हणतात, मंदबुद्धी मुलांच्या शाळेत टाका. माझं डोकं चालत नाही. तुम्ही सांगाल ते करीन, पण बंद पाकिटातच लिहा. कार्ड आलं की आधी खालच्या राधाबाई वाचतात, मग चाळ, मग मी.

लोभ आहेच, या वेळी थोडा धीरही पाठवावा.

आपली लीला


शीव, ५ जून १९५६

चि. लीलास अनेक आशीर्वाद.

मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या घोषणेपासून इथे रोज मोर्चे, पोस्टाला टाळं, पाकीट मिळत नाही. घरात हे एकच कार्ड सापडलं. घाबरू नकोस, मोडीत लिहितोय. लहानपणी माझ्या छड्या खाऊन शिकलीस, ती आज कामी येईल. राधाबाई कितीही डोळे ताणोत!

शाळेत ऑटिझम हा शब्द काढू नकोस. नाव पटावर चढू दे, मग बघू. डॉक्टर आईच्या मायेला बोल लावतो हे चारचौघांत गेलं, तर लोक तुलाच नावं ठेवतील. माझी शपथ आहे तुला.

कालिंदीला गोड पापा.

तुझ्या काळजीत असलेला, अप्पा


गिरगाव, १५ जून १९५६

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

तुमची शपथ तुमच्याच कार्डाने मोडली. राधाबाईंचे सासरे नाना रत्नागिरीच्या कचेरीत तीस वर्षं मोडी लिहीत होते. पेन्शनीत निघाल्यापासून म्हाताऱ्याला मोडी दिसली नव्हती. आनंदाने गॅलरीत उभं राहून खड्या आवाजात वाचलं. आईच्या मायेला बोल लावल्याची ओळ आली तेव्हा मात्र आवाज खाली आला म्हणे.

मी दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी राधाबाईच धडकल्या. म्हणाल्या, जिन्यातल्या गलक्याला पोर बिचकते म्हणून एवढ्या घोडीला कान झाकून कडेवर नेतेस, आम्ही काय आंधळ्या आहोत? त्या डॉक्टरला एक दिवस आमच्या जिन्यात उभं कर. मग मी ओक्साबोक्शी रडले.

शाळेत मोठ्या बाईंनी नाव विचारलं, तर कालिंदी म्हणाली, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. बाई हसल्या. ह्यांनी घाईने सांगितलं, लाजाळू आहे. मी मात्र सगळं बोलले, माझ्यावर आलेल्या दोषासकट. बाईंनी पुढ्यातला पट उघडला. मग म्हणाल्या, महिनाभर बसवून पाहू, तुम्ही वर्गाबाहेर थांबा. जमलं नाही तर नाव काढावं लागेल. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत.

महिन्यानंतर काय, ठाऊक नाही. जीव टांगणीला लागलाय. रोज दाराशी बसून हजेरी ऐकते. कालिंदीचं नाव येतं. ती ओ देत नाही. वर्गाच्या बाई क्षणभर वाट पाहतात आणि हजर लावतात.

रागावला असाल, तरी आम्हा दोघींना अंतर देऊ नये.

आपली लीला