पहिल्या खेपेचा वाटा

मानपाडा, डोंबिवली

प्रिय मोरू,

काल लक्ष्मी येऊन गेली. दारातूनच म्हणाली, "वन्सं, पहिल्या खेपेचा वाटा. ह्यांनी बजावलंय, बाजारात टोपली उतरायच्या आधी बायच्या घरी जायला पाहिजे." चहा प्यायली, माझ्या पडद्यांच्या रंगाला नावं ठेवली आणि निघाली. मी पिशवी उघडली ती ती गेल्यावर. सगळी पापलेटं. एकही माझ्या तळहाताएवढं नव्हतं.

पावसाळ्यातली बंदी उठली की पहिली खेप बहिणीच्या दारात, ही आपल्या घराची रीत. बाबा आत्याकडे न्यायचे, तू माझ्याकडे पाठवतोस. मी लग्न केलं नाही, त्यामुळे सासरचं कोणी नाही, आणि माहेर म्हणजे वर्षातून एकदा येणारी ही पिशवी. इथे इमारतीत मला सगळे 'मॅडम' म्हणतात. 'बाय' म्हणणारा तू एकटा उरलास. तक्रार करत नाही, आहे ते सांगते.

एक मासा चिरून पाहिला. पोटात अंडी नव्हती, यायचं वयच नव्हतं. त्याने आणखी एक हंगाम काढला असता तर त्याची पिल्लं तुझ्या यज्ञेशच्या जाळ्यात आली असती. फेकवेना, म्हणून तळून खाल्ली. चव फार छान होती. हे लिहितानाही राग येतो.

तुला खाडी आठवते ना? कोळीवाड्याच्या धक्क्यावर बाबा होडी लावायचे आणि आई तिथेच भाव करायला बसायची. मी बी.एस्सी. होऊन वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा खाडीचं पाणी बाटलीत भरून तपासायचे. बाबा चिडवायचे, "काय गो, बाटलीत मासा दिसतो का?" मग एका वर्षी चिडवायचे थांबले, आणि पुढच्या वर्षी होडी विकली. मोरू, खाडी काही एका रात्रीत मेली नाही. रोज कोणीतरी तिच्यात घाण सोडत म्हणत होतं, मी एकट्याने थांबून काय होणार? तू उत्तनला जाऊन बोट घेतलीस, कारण तिकडचा समुद्र मोठा. तो मोठा आहे, पण त्यालाही तळ आहे.

तुमच्या मच्छीमार सोसायटीने मला सल्लागार केलं ते मी शिकलेली आणि रिकामी म्हणून. तळहातापेक्षा लहान पापलेट उतरवायचं नाही, जाळ्याच्या भोकांची आस बारीक ठेवायची नाही, एका खेपेला ठरवून दिला तेवढाच माल आणायचा, आणि नियम मोडला तर बोट महिनाभर बांधून ठेवायची. या ठरावाला पहिला हात तुझा वर झाला होता. माशासाठी केलास की बहिणीसाठी, हे मी विचारलं नाही. मला तेवढ्याने बरं वाटलं होतं.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. बाहेरचे ट्रॉलर तळ खरवडून नेतात, त्यांना कोण बांधतंय? खरं आहे. त्यांच्याविरुद्ध मी दोनदा मंत्रालयात जाऊन आले, पुन्हा जाईन. पण तिथे साहेबांनी विचारलं की तुमच्या बोटी काय करतात, तर मी कुठल्या तोंडाने बोलू? तू मुद्दाम मला डिवचायला हे पाठवलं नाहीस, हेही कळतं. बहिणीला द्यायचं म्हणून जाळ्यातलं उत्तम ते निवडलंस. म्हणजे याहून मोठं काही नव्हतंच. मला झोप लागली नाही ती त्यामुळे.

सकाळी अध्यक्ष विठ्ठलशेठना फोन करून बारीक माल उतरल्याचं सांगितलं, बोटीचं नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, "सरस्वतीताई, कळलं मला. घरातलं घरात ठेवा, कोण विचारतंय?" मी म्हटलं, रविवारच्या सभेत मी विचारणार.

म्हणून हे पत्र. फोनवर तू हसून विषय बदलला असतास. रविवारी बारीक मालाचा विषय निघाला की मी उभी राहून तुझ्या बोटीचं नाव घेणार आहे. लक्ष्मीला साक्षीला ओढणार नाही, माझा शब्द पुरे. त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस, आणि पुढच्या वर्षी या दारात कोणी येणार नाही, हे धरून चालले आहे. पण सभा सुरू व्हायला वेळ असतो. ठराव झाल्यापासून माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. तू येऊन बस. आणि विठ्ठलशेठनी 'कोणाची बोट?' असं विचारलं, की माझ्याआधी ऊठ. तू उठलास, तर मला उठावं लागणार नाही.

तुझीच,
बाय