प्रतीक्षालयात कोण शोभेल?

शनिवार, १ मार्च

घर मिळालं एकदाचं! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खिडकीतून समोरच्या बेकरीची चिमणी. कपाट जिन्यात अडकलं तेव्हा हमालांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण चढवलं. चष्म्याच्या दुकानातली माझी नोकरी सोमवारपासून. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. म्हणजे दिवसभर बारीक बघायचं, आणि ते मला आवडतं.

आतली खोली भोंग्याला दिली. भोंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. बाळ असताना असा रडायचा की शेजारी दार ठोठावायचे, तेव्हाचं हे नाव. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून मीच त्याची आई, मीच बाप, मीच फौजदार. आता बावीसचा घोडा झालाय आणि क्लॅरिनेट वाजवतो. महिनाअखेरीला इथल्या वाद्यवृंदात त्याची ऑडिशन आहे, हे शहर त्याच्यासाठीच. चपला फटाफट वाजवत चालतो, चहा ढवळताना चमचा घंटेसारखा बडवतो. ‘जरा हळू’ म्हणून म्हणून माझं तोंड दुखतं.

गुरुवार, ६ मार्च

शेजार चांगला लाभलाय. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी. एकट्याच राहतात, पण त्यांच्या दोरीवर रोज एक पुरुषाचा शर्ट वाळत असतो, तोच तो. भाऊ बाहेरगावी असतो, कधीही येईल, म्हणाल्या. आमच्या खाली औषधवाले काका आणि काकू. काकांचं औषधांचं दुकान होतं, आता विकलंय. काकू एके काळी पियानो वाजवायच्या म्हणे. आता बोलतसुद्धा नाहीत. चालतात तेव्हा मांजराचाही जास्त आवाज होईल, आणि कप बशीत ठेवला तरी टक्क होत नाही. भोंग्याला म्हटलं, बघ, शिक जरा काकूंकडून.

रविवार, ९ मार्च

रविवारी दुपारी काकांकडे बिऱ्हाडकरूंचा अड्डा जमतो, ‘प्रतीक्षालय’ नावाची जुनी मालिका बघायला. कधीकाळी टीव्हीवर लागायची, मध्येच बंद पडली आणि ही मंडळी अजून तिच्यातून उठलेली नाहीत. काकांकडे सगळे भाग टेपवर आहेत. एक स्टेशन. गाडी येतच नाही. तिकीटवाला कायम पाठमोरा, त्याच्या खणात मासे पोहतात आणि एक बाई भिंतीवरच्या घड्याळाला चमच्याने भरवते. कशाचा कशाला पत्ता नाही. मी आपली सगळं कळल्यासारखी मान हलवत होते.

प्रत्येक भागाच्या शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणीतरी वाद्य वाजवतं आणि बाकावरची माणसं ऐकतात. शेवटच्या भागात एक हडकुळा माणूस व्हायोलिन वाजवतो, कपाळावर जुनी खोक. मावशी पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

मग चहा आणि मंडळींचा लाडका वाद: नवे भाग निघाले तर त्या खुर्चीत कोण शोभेल? कुणी एका नावाजलेल्या गायिकेचं नाव घेतलं. काकांनी झटकलं, ती कॅमेऱ्याकडे बघून हसेल म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी पाच जणांचा ड्रमचा ताफा सुचवला, तर खुर्ची एकच आहे हो, म्हणून सगळे त्यांच्या अंगावर गेले. बँडमधला ट्रंपेटवाला? तो मध्येच जेवायला उठेल. काकांचं म्हणणं, प्रसिद्ध माणूस तिथे उपयोगाचाच नाही. घरी ज्याची कुणीतरी वाट बघतंय, असाच माणूस शोभतो. हसून हसून माझे डोळे पुसायची वेळ आली.

रविवार, १६ मार्च

आज मला विचारलं. मी एका दमात सांगून टाकलं: आमचा भोंगा! वाजवताना डोळे कसे मिटतो, एका वेगाच्या जागी नेहमी घसरतो, जिभेने ‘च्’ करतो आणि पुन्हा पहिल्यापासून धरतो, सगळं सांगितलं. बहीण म्हणून नाही, पण तिथे दुसरं कुणी शोभणारच नाही, असंही म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. काकांनी पुन्हा एकदा नीट सांगायला सांगितलं. मी सांगितलं. मावशींनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, त्यांचे डोळे भरून आले होते. भावाचं कौतुक झालं की मूठभर मांस चढतंच.

सोमवार, १७ मार्च

भोंगा घरी नाही. चपला दाराशी आहेत. पेटी पलंगावर उघडी, क्लॅरिनेट नाही. टेबलावर अर्धा चहा, कोमट. अनवाणी कुठे गेला असेल? आला की चांगली खरडपट्टी काढते.

मंगळवार, १८ मार्च

आला नाही. फोन घरातच आहे. चौकीवरचा हवालदार म्हणाला, या वयाची पोरं जातात आणि पैसे संपले की येतात. त्याला कसं सांगू, हा पोरगा ऑडिशन सोडून जाणार नाही.

गुरुवार, २० मार्च

मावशींना विचारायला गेले. दार उघडंच होतं. खिडकीशी एक हडकुळा माणूस बसला होता. अंगात दोरीवरचा तो शर्ट. कपाळावर खोक.

मावशी म्हणाल्या, भाऊ आला. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

तो उठला, लाकडी खुर्ची मागे सरकवली, ग्लास घेतला. ग्लास हातातून निसटून फरशीवर फुटला. तुकडे माझ्या पायापर्यंत आले. आवाज झाला नाही. काहीच आवाज झाला नाही.

रविवार, २३ मार्च

काकांनी शेवटचा भाग लावला. मला सगळ्यांत पुढची जागा दिली.

खुर्चीत भोंगा आहे.

काचा घासणारे डोळे आहेत माझे, चुकणार नाहीत. पाय अनवाणी. त्या जागी घसरला. ‘च्’ केलं. पुन्हा पहिल्यापासून. मी पडद्यावर दोन्ही हात आपटले. एकदाही मान वर केली नाही त्यानं. वाजवून झाल्यावर दाराकडे बघितलं.

काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

मंगळवार, २५ मार्च

मावशींच्या दारात बसून राहिले, तेव्हा बोलल्या. काकूंना त्या खुर्चीसाठी काकांनीच सुचवलं होतं, असंच, इथे नवे असताना, कौतुकानं. मग मावशी राहायला आल्या. त्यांनी भाऊ सुचवला आणि काकू परत आल्या. मग मी आले. आपल्या माणसानं आपल्या तोंडानं सांगावं लागतं, मनापासून, आणि काही माहीत नसताना. आवाज तेवढा तिथेच राहतो. मला माफ कर म्हणाल्या. भाऊ मागे उभा होता, तोंड उघडून. ओरडत असावा.

शुक्रवार, २८ मार्च

आज ऑडिशन होती. दिवसभर काकांकडे टेपपुढे बसले. ओठ फुटलेत त्याचे. हनुवटीवर रक्त. तरी वाजवतो. कुणी थांबू देत नाही. टेप तोडावी — मग तो कुठे जाईल?

रविवार, ३० मार्च

सगळ्यांची नावं घेतली. ट्रंपेटवाला, गायिका, ड्रमवाले. शेवटी स्वतःचं. कुणी हसलं नाही. काका म्हणाले, पोरी, आता तुला माहीत आहे ना, म्हणून चालत नाही.

शनिवार, ५ एप्रिल

वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड. बस चालवणारा बाप आणि त्याची लेक, आठ-नऊ वर्षांची. पाठीवर चेलोची पेटी, तिच्याहून मोठी. जिन्यावर धपाधप उड्या मारत जाते. मला ‘मावशी’ अशी हाक मारते. बाप ओरडला, जरा हळू गं पिल्लू.

काकांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

रविवार, ६ एप्रिल

मी गेले नाही. बापाला कुणी विचारलं नाही. विचारायची पाळी माझी आहे म्हणे.

गुरुवार, १० एप्रिल

ओठांचं मांस दिसतंय. आता दाराकडेही बघत नाही.

जिन्यावर पिल्लू. धप धप धप. तिला सांगू, जा इथून — बापाला सांगू — सांगितलं की त्याला कळेल. कळलं की चालणार नाही. आणि भोंगा —

रविवार, १३ एप्रिल

विचारलं.

हसत विचारलं. चहा देत. त्या खुर्चीत कोण शोभेल हो तुमच्या मते?

कसा फुलला त्याचा चेहरा. आमची पिल्लू, म्हणाला. तिच्याशिवाय कोण.

मीच म्हटलं, पुन्हा एकदा नीट सांगा.

सोमवार, १४ एप्रिल

दुकानात गेले नाही. दाराकडे तोंड करून बसलेय.

जिन्यावर उड्या ऐकू येत होत्या. मधल्या पायरीवर थांबल्या. पुढची आलीच नाही.

आता खालून चेलो —

वर बाप हाका मारतोय. पिल्लू, पिल्लू — कान बंद केले तरी —

दार उघडलं. कडी वाजली नाही.

आला. आला माझा भोंगा. ओठ — पुसते रे, बस. चहा ठेवलाय. साखर घे.

ढवळतोय. चमचा कपाला लागतोय. दिसतंय मला, लागतोय.

जोरात ढवळ. अजून जोरात. भोंग्या, मी कधी नाही रे म्हणणार तुला हळू, कधीच नाही, फक्त एकदा —