दुसरं हरीण

मंगळवार, संध्याकाळ

लग्नानंतर पहिल्यांदाच घोडबंदर रोडने बोरिवलीला परतत होतो, तेव्हा सुधीरने मोटरसायकल मध्येच थांबवली. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तरी हा हलेना. "थांब गं, मागून दुसरं येतंच," म्हणाला. आणि खरंच आलं. त्यानंतर किती वर्षं मी त्याच्या मागे बसून त्या दुसऱ्याची वाट पाहिली!

आज सकाळी त्याच रस्त्याने एकटाच आला, तो आरसा फुटलेला आणि कोपर खरचटलेलं. मला म्हणाला, हरीण आडवं आलं, ब्रेक मारला, घसरलो. आणि आत्ता शेजारच्या नाईकांना सांगत होता की कुत्रा होता. मग नक्की काय होतं?

मी सहज विचारलं, "आणि दुसरं आलं का रे?"

"कुठलं दुसरं?" वर चिडला, "पोलिसात लागलीस का तू?"

माझा संशय असा, की त्याला काही दिसलंच नाही. पहिलंही नाही. हल्ली चहा कपाबाहेर ओततो. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की उठून गॅलरीत जातो. की मीच उगाच... नाही, लपवतोय. पुढच्या वेळी समोर ट्रक असेल.

चावी मी काढून घेतलीय. मोटरसायकल मुलुंडच्या पुतणीला, राजश्रीला द्यायची. चालवायला ती त्याच्याकडूनच शिकली. जॅकेट आणि हातमोजे तिच्या नवऱ्याला. आणि मागे बसणाऱ्याचं, म्हणजे माझं हेल्मेट, सुधीरला. राजश्री फिरवेल त्याला.