शेफिकामावशीची नासपती

बान्या लुका, १४ मार्च

रायको,

घरी सगळी बरी असाल. पोरांचा खोकला गेला का? मी ठीक आहे.

परवा फोनवर म्हणालास, "ताई, अहवालावर सही कर आणि विषय संपव. घरचंच काम आहे." सही केली. तुला हवी तशी नाही.

नव्या जातीच्या नोंदणीसाठी तुझ्या रोपवाटिकेतून आमच्या प्रयोगशाळेत पानं पाठवलीस, वर लिहिलंस, 'आमच्या परसातली नवी जात'. नाव ठेवलंस 'स्ताना'. आईचं नाव! त्या पानांच्या डीएनएतल्या साऱ्या खुणा आपल्या जुन्या शेजारणीच्या, शेफिकामावशीच्या झेनित्सातल्या झाडाशी जुळल्या. एकही वेगळी नाही. त्यावर तुझं उत्तर तयारच, "म्हातारीनंच आपल्याकडून काडी नेली असेल!"

लाज वाटली नाही?

आपल्या परसात कधी होती रे नासपती? आपण खाल्ली ती कुंपणापलीकडची, मावशीच्या झाडाची. युद्धात मुसलमान म्हणून मावशीला गावातून हाकलून लावलं. युद्ध संपल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आईनं त्या झाडाच्या कलमासाठी काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून झेनित्साच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिल्या. शिडी मी धरली होती. आई म्हणाली, "तिचं घर काही मला देता येत नाही. झाड तरी जाऊ दे तिच्याकडे."

हे तुला ठाऊक नव्हतं. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात ते झाड तोडलंस ना? गाड्या उभ्या करायला जागा हवी, म्हणे! मूळ झाडच नाही, तर विचारणार कोण? पण बुंधा उपटायचा कंटाळा केलास. शनिवारी मी गावात येऊन गेले. तुझ्याकडे कॉफीला थांबले नाही. बुंध्याची साल काढून आणली. तीही जुळली.

काल मावशीला जाऊन सांगितलं. नोंदणी, हक्क, पैसा, काही विचारलं नाही तिनं.

"तोडलं?" एवढंच.

मग म्हणाली, "स्ताना असती तर त्याच फांदीनं बडवला असता त्याला." आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

अहवाल गेलाय. तुझा अर्ज फेटाळला जाईल. जातीचं नाव काय ठेवू, असं मावशीला विचारलं. म्हणाली, "स्तानाच असू दे. पण त्यानं ठेवलं म्हणून नव्हे."

रोपांवरच्या तुझ्या पाट्या आजच्या आज उतरव. ते नाव लावायचा मान आता तिचा. मला फोन करू नकोस. तोंड उरलं असेल तर तिला कर.

तुझी बहीण, कारण तेवढं बदलणं माझ्या हातात नाही,
स्मिल्या